खान्देशातल्या टाकीत गोगलगायी: जड पाणी, मे महिना आणि मोरचूद

तापीकाठ (भुसावळ)

मासे पाळणारे आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला कायम नावं ठेवतात. काचेवर पांढरी रेघ बसते, हीटरवर क्षार चढतात, टेट्रा मासे टिकत नाहीत. गोगलगायीला मात्र हेच पाणी मानवतं. तिचा शंख जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि त्यासाठी लागणारं कॅल्शियम तिला पाण्यातून आणि खाण्यातून मिळवावं लागतं. खान्देशात गोगलगायी दगावतात त्या उन्हाने, तांब्याने, आणि 'शुद्ध' म्हणून ओतलेल्या, क्षार काढलेल्या आरओच्या पाण्याने. या तीन गोष्टी एकाच धाग्यात असाव्यात म्हणून हा उघडतोय.

आधी पाणी. जीएच (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, म्हणजे जडपणा) ८ ते १८, केएच (पीएच घसरू न देणारे कार्बोनेट) ५ च्या वर, पीएच ७.२ ते ८.२ असेल तर मिस्टरी, नेराईट, रॅम्सहॉर्न, ट्रम्पेट या दुकानात मिळणाऱ्या गोगलगायी सगळ्या नीट राहतात. जीएच मोजायला थेंबांचं किट घ्या. ५ मिली पाण्यात एकेक थेंब टाकत जायचं, रंग बदलेपर्यंत जितके थेंब लागले तितकी डिग्री. एक डिग्री म्हणजे लिटरमागे साधारण १७.८ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने. नुसत्या टीडीएस मीटरवर विसंबू नका. मीटर एकूण क्षार सांगतं, त्यात कॅल्शियम किती आणि सोडियम किती हे सांगत नाही. ज्या अपार्टमेंटमध्ये सॉफ्टनर बसवलाय तिथे टीडीएस ६०० दिसतो आणि जीएच शून्याच्या आसपास असतो, कारण सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. अशा घरात सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी घ्यावं.

बोअरचं ताजं पाणी थेट टाकीत नको. जमिनीखालून येणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. बादलीत एअरस्टोन सोडून २४ तास चालू ठेवा, पीएच आपोआप वर येतो. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यालाही हेच करा किंवा बाटलीवरच्या प्रमाणात अँटीक्लोरीन घाला.

टाकी निदान ४० लिटरची, स्पंज फिल्टर लावलेली, आणि महिनाभर आधी चालू केलेली असावी. नव्या टाकीतला अमोनिया मासा एखादवेळ सोसेल, गोगलगाय सोसत नाही. मोठी मिस्टरी असेल तर १० लिटरला एक हे प्रमाण ठेवा. सोबतीला गप्पी आणि मॉली उत्तम, दोघांनाही जड पाणी आवडतं. लोच आणि पफर मासे आणि कासव यांच्याबरोबर गोगलगाय ठेवू नये. फायटर मासा काही वेळा तिच्या मिशा कुरतडतो.

केळीचं पान (रावेर)

मोरचुदाचं सविस्तर लिहा ना दादा. आमच्या पट्ट्यात घरोघरी पोतं असतं.

तापीकाठ (भुसावळ)

लिहितो, कारण आपल्या भागात हे सगळ्यात जास्त नडतं.

तांबं टाकीत शिरायच्या तीन वाटा. पहिली मोरचुदाची. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. बोर्डो मिश्रणात १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना पडतो. ज्या बादलीत, ड्रममध्ये किंवा काठीने ते ढवळलं, ती वस्तू टाकीच्या कामाला कधीच वापरायची नाही, दहा वेळा धुतली तरी नाही. प्लॅस्टिकच्या ओरखड्यांत निळसर थर राहतो. टाकीसाठी एक बादली, एक मग आणि एक नळी वेगळी ठेवा आणि वर पेंटने खूण करा.

दुसरी वाट औषधाची. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची आणि शेवाळ मारायची बरीच औषधं तांब्याचीच असतात. बाटलीवर 'कॉपर' शब्द दिसला की ते औषध गोगलगायीच्या टाकीत घालायचं नाही. आजारी मासा वेगळ्या टबात काढा, तिथे औषध करा. टाकीत एकदा तांबं गेलं की ते रेतीत मुरतं आणि पीएच घसरला की पुन्हा सुटतं.

तिसरी वाट आपल्या देवघराशेजारचीच: तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी. माणसाने प्यावं, टाकीत ओतू नये.

आपल्या जड पाण्यात तांब्याचा जोर थोडा कमी पडतो. त्यामुळे गोगलगाय लगेच मरत नाही. शंखाच्या तोंडावरचं आपलं झाकण लावून आत ओढून बसते, दोन-तीन दिवस हलत नाही, मग खाली पडते. असं दिसलं तर त्याच दिवशी निम्मं पाणी बदला, फिल्टरच्या वाटेत अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवा, आणि गोगलगायी वेगळ्या भांड्यात हलवा.

काळी माती (अमळनेर)

प्रश्न: ५० लिटर टाकी, पाणी आरओचं, तीन मिस्टरी. शंखाच्या टोकाला पांढरे खड्डे पडलेत. कॅल्शियमचं काय द्यावं? खायचा चुना चालेल का?

पांझरा (धुळे)

ताई, चुना अजिबात नको! पानाला लावतात तो चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. चिमूटभर गेला तरी पीएच झरकन वर चढतो आणि टाकीतलं सगळं भाजून निघतं. शंखातलं कॅल्शियम कार्बोनेट वेगळं. नावात दोन्हीकडे कॅल्शियम आहे म्हणून लोक फसतात.

आता शंख वाचायचा कसा ते सांगतो. गोगलगाय काचेवर चढलेली असताना बॅटरी धरून दोन जागा बघा. एक टोक, म्हणजे शंखाचा सगळ्यात जुना भाग. शंखावर एक पातळ, रंगीत सालीसारखं आवरण असतं. टोकाकडे ते घासून गेलं की खालचा कॅल्शियम कार्बोनेटचा थर उघडा पडतो, आणि मऊ किंवा आम्लधर्मी पाणी तो विरघळवतं. तिथे पडलेले खड्डे परत भरत नाहीत. त्यासाठी जीव खाली-वर करू नका, गोगलगाय त्या खड्ड्यांसकट नीट जगते.

दुसरी जागा शंखाच्या तोंडाची कड. नवीन वाढ फक्त तिथेच होते. कड जाड आणि गुळगुळीत असेल, रंग बाकीच्या शंखाशी जुळत असेल, तर आजचं पाणी बरोबर आहे. कड कागदासारखी पातळ, आरपार दिसणारी आणि तुकडे पडलेली असेल तर आजही कॅल्शियम कमी पडतंय. कित्येकदा शंखावर एक आडवी रेघ स्पष्ट दिसते, अलीकडे एक रंग आणि पलीकडे दुसरा. ती रेघ म्हणजे दुकानातून तुमच्या टाकीत आल्याचा दिवस.

तुमच्या टाकीत एकदम बोअरचं पाणी भरू नका. दर तीन दिवसांनी ५ लिटर आरओचं काढा आणि ५ लिटर बोअरचं घाला. महिन्याभरात पाण्याचा पोत बदलेल. तोवर समुद्रफेनाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा सोडा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, अंगठ्याएवढा तुकडा ५० लिटरला बास. तो दोन दिवस तरंगतो, मग बसतो. अंड्याची टरफलंही चालतात: आतला पापुद्रा काढा, दहा मिनिटं उकळा, वाळवा, भरड कुटा, जाळीच्या पुरचुंडीत बांधून फिल्टरच्या धारेजवळ टांगा.

सातपुडा पायथा (शहादा)

यात एक भर. जड पाणी असूनही शंख झिजतो असं काही टाक्यांत दिसतं, आणि लोक बुचकळ्यात पडतात. कारण केएच. टाकीतले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना केएच खातात. सहा-सहा महिने पाणी न बदललेल्या टाकीत जीएच १६ असतो आणि केएच १ वर आलेला असतो, पीएच ६.५ च्या खाली. आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदललं की हे होत नाही, कारण बोअरचं पाणी केएच सोबत घेऊन येतं.

तळाला घालायच्या खड्यांबद्दलही सांगतो. काळ्या मातीत सापडणारी चुनखडी कॅल्शियम कार्बोनेटच असते. विहिरीच्या खोदाईतून निघालेली घ्या, फवारणीच्या शेतातली वरची घेऊ नका. खडा ओळखायला त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका, फेस आला तर चुनखडी. आपल्या खाणींतले पांढरे चमकदार स्फटिक बरेचदा झिओलाइट असतात, त्यांना फेस येत नाही आणि ते गोगलगायीला काही देत नाहीत. धुतलेली मूठभर चुनखडी ५० लिटरला भरपूर झाली. पीएच ७ च्या वर असताना ती जवळजवळ विरघळत नाही, खाली घसरला की हळूहळू सुटू लागते. म्हणून ती तळाला पडून असलेली बरी.

तापीकाठ (भुसावळ)

आता उन्हाळा. बाहेर ४४-४५ अंश असताना पत्र्याखालच्या खोलीत टाकीचं पाणी ३४-३५ वर जातं. मिस्टरीला २२ ते २८ मानवतं, ३० पर्यंत चालतं. त्याच्या वर दोन गोष्टी एकदम होतात. गोगलगायीची हालचाल आणि भूक वाढते, म्हणजे ऑक्सिजन जास्त लागतो, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन मावतो कमी. २० अंशांना लिटरमध्ये ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. मिस्टरी नळी वर काढून हवेतला श्वास घेते, म्हणून ती तग धरते. नेराईटला तशी सोय नाही, ती आधी जाते.

उपाय: संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा छोटा पंखा पाण्यावर तिरका लावा. एप्रिल-मे मध्ये आपली हवा खणखणीत कोरडी असते, बाष्पीभवनाने पाणी ३ ते ४ अंश उतरतं. पावसाळी दमट हवा सुरू झाली की हाच पंखा एक अंशही उतरवत नाही, पण तोवर उन्हाचाही जोर ओसरलेला असतो. टाकीचं झाकण काढावं लागतं, म्हणून वर मच्छरदाणीची जाळी ताणून बांधा. मिस्टरी रात्री चढून बाहेर पडते आणि सकाळी फरशीवर वाळलेली सापडते.

६० लिटरच्या टाकीतून पंख्याने दिवसाला दीड लिटर पाणी उडतं. ही उणीव बोअरच्या पाण्याने भरू नका! उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. ६०० टीडीएसचं दीड लिटर रोज घातलं तर ६० दिवसांत ९० लिटर होतं, आणि टीडीएस ६०० वरून १५०० वर जातो.

पांझरा (धुळे)

दादा, हिशोबात दुरुस्ती. १५०० तेव्हा, जेव्हा दोन महिने पाणी बदललंच नाही. आठवड्याला २५ टक्के बदललं तर आठवड्याला १०५ ची भर पडते आणि बदलताना काही क्षार बाहेर जातात. हे करत राहिलं की आकडा ९०० ते १००० च्या मध्ये जाऊन थांबतो. तरीही तो मूळच्या दीडपट आहे, म्हणून तुमचा सल्ला बरोबरच: उडालेलं पाणी आरओने किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने भरा, आणि बदलायचं पाणी बोअरचं घ्या. आरओची खरी जागा एवढीच.

तापीकाठ (भुसावळ)

मान्य. पाणी बदलण्याचं गृहीत धरायला हवं होतं.

केळीचं पान (रावेर)

बर्फाच्या बाटल्या टाकतात बरेच जण. किती टाकाव्या?

सातपुडा पायथा (शहादा)

एक लिटरची गोठवलेली बाटली ६० लिटर पाणी पावणेदोन अंशांच्या आसपास उतरवते. एका वेळी एकच, झाकण घट्ट लावलेली, दुपारी बारा वाजता एक आणि तीन वाजता एक. चार बाटल्या एकदम टाकल्या तर तासाभरात सात अंशांचा फरक पडतो, तो उन्हापेक्षा वाईट. लाईट गेली की फिल्टर बंद पडतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअरपंप उन्हाळ्यात हाताशी ठेवाच.

हिवाळ्याचं थोडक्यात: धुळ्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो, टाकी १७-१८ वर येते, मिस्टरी खाणं सोडते. ६० लिटरला ५० वॅटचा हीटर, २४ वर लावून ठेवा.

काळी माती (अमळनेर)

खायला काय द्यावं? पालक देतात सगळे.

केळीचं पान (रावेर)

पालकात ऑक्सलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. कधीमधी ठीक, रोजचं नको. आपलं गिलकं सगळ्यात चांगलं. बोटभर जाडीची चकती, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग गार पाण्यात. काट्याला टोचून खाली बसवायची. दोडका, काकडी, दुधीही चालतात. भाजी आधी मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, साल काढा, आणि मीठ पूर्ण धुऊन टाका. फवारलेल्या भाजीचा अंश माशाला बाधला नाही तरी गोगलगायीला बाधू शकतो.

आठवड्यातून दोनदा देण्यासाठी वड्या: उकडलेलं गिलकं, गाजर आणि मटार मिळून २०० ग्रॅम, मिक्सरला गंधासारखं बारीक. २०० मिली पाण्यात दोन छोटे चमचे अगर-अगर पावडर घालून सतत ढवळत दोन मिनिटं उकळा. गॅस बंद करून त्यात लगदा, दोन चमचे स्पिरुलिना पावडर आणि एक चमचा कॅल्शियम कार्बोनेट पावडर मिसळा. ताटलीत ओता, घट्ट झालं की एक-एक सेंटिमीटरच्या वड्या पाडा, फ्रीजरमध्ये ठेवा. तीन-चार मिस्टरींना एक वडी. बारा तासांनी उरलेलं काढून टाका, नाहीतर उन्हाळ्यात पाणी दुसऱ्या दिवशी दुधाळ होतं.

केळीच्या वाळलेल्या पानावर गोगलगायी आवडीने बसतात, वरचा बुळबुळीत थर खातात. पण करप्यासाठी फवारलेल्या बागेतलं पान आणू नका. परसातल्या एकट्या झाडाचं, आपोआप वाळलेलं आणा, उकळून घ्या, ६० लिटरला तळहाताएवढे दोन तुकडे.

नवापूर नाका (नवापूर)

मिस्टरीने काचेवर पाण्याच्या वर अंड्यांचा गुलाबी घोस घातलाय. काढायचा का?

पांझरा (धुळे)

पिल्लं हवीत तर तिथेच राहू द्या, पाण्यात बुडवू नका, बुडाला की आतली पिल्लं मरतात. पाण्याच्या वर ५ ते ८ सेंटिमीटर मोकळी काच ठेवली तरच ती घोस घालते. दोन ते चार आठवड्यांत फुटतो. मे महिन्यात पंख्याच्या वाऱ्याने घोस वाळतो, तेव्हा वाऱ्याचा रोख दुसरीकडे वळवा आणि टाकीवर झाकण टेकवा.

नको असेल तर पहिल्या २४ तासांत, मऊ असतानाच, पातळ कार्डाने सरकवून काढा आणि दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग कचऱ्यात टाका. मादी नराशिवायही कित्येक महिने घोस घालू शकते, कारण ती वीर्य साठवून ठेवते. 'एकच ठेवली तरी अंडी कशी' याचं उत्तर हेच.

नेराईट पांढरे कडक ठिपके घालते, पण गोड्या पाण्यात तिची पिल्लं वाढत नाहीत. रॅम्सहॉर्न एकटीही प्रजा वाढवते. ट्रम्पेट तर थेट पिल्लंच घालते आणि दिवसभर रेतीत असते. ट्रम्पेट दिवसाढवळ्या घोळक्याने काचेवर चढल्या तर पाण्यात काहीतरी बिघडलंय, लगेच अमोनिया तपासा. रॅम्सहॉर्न आणि ट्रम्पेट वाढल्या म्हणजे खाणं जास्त पडतंय. मारायच्या औषधाच्या नादी न लागता खाणं निम्मं करा.

आणि नवापूरकडे भातशेती आहे म्हणून खास सांगतो: घोस पाटात, नाल्यात, तळ्यात टाकू नका. दुकानातली मिस्टरी पोमेशिया डिफ्यूजा, ती सहसा निरोगी झाडं खात नाही. पण तिच्यासारखीच दिसणारी पोमेशिया कॅनालिक्युलाटा भाताचे कोवळे कोंब फस्त करते, जगातल्या सगळ्यात घातक शंभर आक्रमक जीवांच्या यादीत तिचं नाव आहे. डिफ्यूजाच्या वेटोळ्यांचा खांदा सपाट असतो, कॅनालिक्युलाटाच्या दोन वेटोळ्यांमध्ये खोल पन्हळ असते. दोन्हींपैकी कुठलीच बाहेर सोडायची नाही.

नवापूर नाका (नवापूर)

आणि उलट? नदीतल्या, तळ्यातल्या गोगलगायी टाकीत आणल्या तर?

सातपुडा पायथा (शहादा)

शक्यतो नको. आपल्या तळ्यांत जाडसर, गोल झाकणाची बेलामिया जातीची गोगलगाय असते. ती खरवडून खाते आणि पाण्यातलं तरंगतं शेवाळही गाळून खाते. स्वच्छ टाकीत ती हळूहळू उपाशी मरते आणि दोन महिन्यांनी लोक म्हणतात, अचानक गेली. पिला जातीची मोठी गोगलगाय आणली तर झाडं संपवते.

खरी काळजी जनावरांच्या पाणवठ्यावरच्या गोगलगायींची. चपट्या चकतीसारखी इंडोप्लॅनॉर्बिस गुरांच्या रक्तातल्या चपट्या कृमीचा मधला यजमान असते (कृमीची पिल्लं तिच्या अंगात वाढतात), लिम्निया यकृतातल्या कृमीचा. त्यांच्यातून सुटणारे सूक्ष्म जीव माणसाच्या कातडीत शिरून खाज आणि पुरळ आणतात. जिथे गुरं पाण्यात बसतात तिथलं काहीही, अगदी झाडाची फांदीसुद्धा, टाकीत आणू नका. कुठल्याही गोगलगायीला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, मुलांचे तर आधी.

काळी माती (अमळनेर)

शेवटचं एक. मिस्टरी काल संध्याकाळपासून तरंगतेय. मेली का?

तापीकाठ (भुसावळ)

तरंगणं म्हणजे मरण नव्हे, बरेचदा आत हवा धरलेली असते. बाहेर काढून नाकाशी धरा. मेलेलीचा वास इतका उग्र येतो की शंका राहत नाही. वास नसेल तर तिच्या झाकणाला नख हलकेच टेकवा. आत ओढून घेतलं तर जिवंत आहे. झाकण सैल लोंबत असेल आणि अंग बाहेर लुळं पडलं असेल तर लगेच काढा, एका मोठ्या मिस्टरीच्या कुजण्याने ४० लिटर पाणी एका रात्रीत अमोनियाने भरतं.

जिवंत असेल तर वेगळ्या डब्यात, त्याच टाकीचं दोन बोटं पाणी, पाठीवर पडली असेल तर तोंड खाली करून ठेवा, आणि गिलक्याची चकती शेजारी.

आणि हे विचारायचं राहिलं: काल संध्याकाळी खोलीत डासांची फवारणी झाली होती का, किंवा गल्लीत धुराची गाडी आली होती का? त्यातलं औषध एअरपंप खोलीतल्या हवेबरोबर ओढून थेट पाण्यात सोडतो. पुढच्या वेळी आधी पंप बंद, टाकीवर ओलं फडकं, खिडक्या उघडून तासभराने पंप चालू. आत्ता एक तृतीयांश पाणी बदला आणि कार्बन लावा, उद्या सकाळी झाकणाचं काय दिसतं ते इथे लिहा.